विश्लेषण : वजन घटवण्याच्या औषधाची चाचणी... सहभागी होण्याआधी काय पाहावे?

वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांची चर्चा आता डॉक्टरांच्या दवाखान्यापुरती राहिलेली नाही. टिर्झेपटाइड हे औषध ‘मौंजारो’ या नावाने मार्च २०२५ मध्ये, तर सेमाग्लुटाइड ‘वेगोवी’ या नावाने जून २०२५ मध्ये भारतीय बाजारात आले. मौंजारोच्या २.५ मिलिग्रॅमच्या कुपीची किंमत बाजारात येताना साडेतीन हजार रुपये होती आणि हे इंजेक्शन दर आठवड्याला घ्यावे लागते. महिन्याला चौदा हजारांचा हा खर्च अनेकांना झेपणारा नव्हता. अशा वेळी एखाद्या रुग्णालयात याच प्रकारच्या नव्या औषधाची ‘क्लिनिकल ट्रायल’ सुरू आहे, औषध आणि तपासण्या मोफत आहेत, असे कळले की नाव नोंदवण्याचा मोह होणे साहजिक आहे. मात्र उपचार घेणे आणि चाचणीत सहभागी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक सर्वात जास्त जाणवतो तो चाचणी संपते त्या दिवशी.

या चाचण्यांत नेमके काय होते?

नवे औषध बाजारात येण्यापूर्वी त्याची माणसांवर टप्प्याटप्प्याने चाचणी होते. पहिल्या टप्प्यात मोजक्या, बहुधा निरोगी व्यक्तींना औषध देऊन ते शरीराला किती सोसते हे पाहतात. दुसऱ्या टप्प्यात काहीशे रुग्णांवर योग्य मात्रा ठरवली जाते. तिसऱ्या टप्प्यात शेकडो ते हजारो जणांवर औषधाचा परिणाम आणि दुष्परिणाम यांचा पडताळा घेतला जातो. औषध विक्रीला आल्यानंतर चालणारा अभ्यास हा चौथा टप्पा. सहभागी कोणत्या टप्प्यावर आत येतो, यावर त्याची जोखीम अवलंबून असते. पहिल्या दोन टप्प्यांत औषधाबद्दलची माहिती तुटपुंजी असते, तर तिसऱ्या टप्प्यापर्यंत ती बरीच जमलेली असते.

सेमाग्लुटाइडची ‘स्टेप १’ ही तिसऱ्या टप्प्यातील चाचणी नमुन्यादाखल पाहता येईल. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत १,९६१ प्रौढ व्यक्ती होत्या आणि ती ६८ आठवडे चालली. आठवड्यातून एकदा इंजेक्शन, सुरुवातीला ०.२५ मिलिग्रॅम आणि पुढे दर चार आठवड्यांनी मात्रा वाढवत सोळाव्या आठवड्यापर्यंत २.४ मिलिग्रॅम, अशी आखणी होती. औषध मिळणाऱ्यांना आणि न मिळणाऱ्यांनाही रोजच्या आहारात ५०० कॅलरींची कपात आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम सांगितला होता. दर चार आठवड्यांनी समुपदेशन होत असे. म्हणजे चाचणीत जाणे म्हणजे नुसते इंजेक्शन टोचून घेणे नव्हे. सव्वा वर्षाहून अधिक काळ एका वेळापत्रकाला बांधून घेणे, असा त्याचा अर्थ होतो.

सहभागी कोणाला होता येते?

प्रत्येक चाचणीचे पात्रतेचे निकष आधीच ठरलेले असतात. वजनाच्या औषधांसाठी पहिला निकष ‘बीएमआय’चा, म्हणजे उंचीच्या प्रमाणात वजनाचा. ‘स्टेप १’मध्ये बीएमआय ३० किंवा त्याहून अधिक, अथवा २७ किंवा त्याहून अधिक आणि सोबत उच्च रक्तदाब, कोलेस्टेरॉल, झोपेत श्वास अडखळणे असा एखादा आजार, अशी अट होती. आहार सांभाळून वजन कमी करण्याचा किमान एक प्रयत्न फसलेला असणेही आवश्यक होते. आधीच्या ९० दिवसांत पाच किलोहून अधिक वजन कमी-जास्त झालेल्यांना घेतले नव्हते. मधुमेही आणि वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेले रुग्णही बाहेर होते.

मधुमेहींसाठी बहुधा वेगळी चाचणी होते, कारण त्यांचे वजन तुलनेने कमी घटते. ‘स्टेप २’ या मधुमेहींवरील चाचणीत सेमाग्लुटाइडने सरासरी ९.६ टक्के वजन घटले. मधुमेह नसलेल्यांत हे प्रमाण १४.९ टक्के होते. गर्भवती आणि स्तनदा मातांना या चाचण्यांत घेत नाहीत. मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना चाचणीच्या काळात खात्रीचे गर्भनिरोधक वापरावे लागते. टिर्झेपटाइडमुळे तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. त्यामुळे कोणते साधन चालेल, हे डॉक्टरांना स्पष्टपणे विचारून घ्यायला हवे. कुटुंबात थायरॉइडचा ‘मेड्युलरी’ प्रकारचा कर्करोग झालेला असेल, स्वत:ला स्वादुपिंडाचा दाह होऊन गेला असेल, तर ते लपवू नये. पात्र ठरण्यासाठी माहिती दडवणे हे स्वत:च्याच जिवावर बेतू शकते.

खरे औषध मिळेलच का?

याची हमी कोणीही देऊ शकत नाही. बहुतेक चाचण्यांत सहभागींची विभागणी संगणक चिठ्ठी टाकल्यासारखी करतो. एका गटाला औषध मिळते, दुसऱ्याला ‘प्लासिबो’, म्हणजे हुबेहूब तसेच दिसणारे पण औषध नसलेले इंजेक्शन. कोणाला काय मिळाले, हे सहभागीला माहीत नसते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नसते. ‘स्टेप १’मध्ये १,३०६ जणांना औषध, तर ६५५ जणांना प्लासिबो मिळाले. म्हणजे दर तिघांतील एकाने ६८ आठवडे दर आठवड्याला सुई टोचून घेतली ती औषधाविना. टिर्झेपटाइडच्या ‘सरमाउंट १’ चाचणीत २,५३९ जणांचे चार समान गट होते. तीन गटांना वेगवेगळ्या मात्रा आणि चौथ्याला प्लासिबो.

प्लासिबोचा गट नसेल तर औषधाचा खरा परिणाम कळत नाही. नियमित तपासणी, आहाराचा सल्ला आणि कोणीतरी लक्ष ठेवून आहे ही जाणीव, यानेही वजन उतरते. ‘स्टेप १’मध्ये प्लासिबो गटातील ३१.५ टक्के लोकांचे वजन पाच टक्के किंवा त्याहून अधिक घटले. औषध गटात हे प्रमाण ८६.४ टक्के होते. म्हणजेच औषध घेऊनही सातपैकी साधारण एका व्यक्तीला एवढाही फरक पडला नाही. सरासरी घट औषध गटात १५.३ किलो, तर प्लासिबो गटात २.६ किलो होती. जाहिरातीत आणि बातम्यांत दिसतो तो सरासरीचा आकडा असतो. एखाद्या व्यक्तीच्या वाट्याला नेमके काय येईल, ते त्यातून कळत नाही.

भारतीय सहभागींची गरज का?

पुण्यातील केईएम रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे एक उदाहरण जगभर सांगितले जाते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००४ मध्ये त्यांचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापून आले होते. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. दिसायला सडपातळ पण आतून चरबी अधिक, अशी भारतीयांची ठेवण असते. म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनी लठ्ठपणाची रेषा बीएमआय ३० ऐवजी २५ वर आणली आहे.

पाश्चात्त्य देशांतील शंभर किलोंहून अधिक सरासरी वजनाच्या लोकांवर तपासलेले औषध ऐंशी किलोंच्या, पोट सुटलेल्या भारतीयावर तसेच चालेल, असे गृहीत धरता येत नाही. स्नायूंची किती झीज होते, शाकाहारी जेवणात प्रथिने कमी पडतात का, कोणती मात्रा सोसते, हे इथल्या लोकांवरच पाहावे लागते. भारतीय नागरिकांनी चाचण्यांत सहभागी होण्याचा समाजाला होणारा फायदा तो हाच. भारतात सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंत होती. त्यापुढे स्वस्त पर्याय आणता यावेत म्हणून अनेक देशी कंपन्यांनी आपापल्या आवृत्त्यांच्या चाचण्या इथे आधीच हाती घेतल्या होत्या.

धोके कोणते?

या गटातील औषधे जेवणानंतर आतड्यातून स्रवणाऱ्या संप्रेरकाची नक्कल करतात. भूक मंदावते आणि जठर रिकामे व्हायला वेळ लागतो. म्हणून पहिला त्रास पोटाचाच. ‘स्टेप १’मध्ये औषध घेणाऱ्या ४४.२ टक्के लोकांना मळमळ झाली, तर प्लासिबो गटात १७.४ टक्के लोकांना. जुलाबाचे प्रमाण ३१.५ आणि १५.९ टक्के होते. बहुतेकांचा त्रास सौम्य होता आणि काळानुसार ओसरला. पित्ताशयाच्या तक्रारी औषध गटात २.६ टक्के, तर प्लासिबो गटात १.२ टक्के आढळल्या. दुष्परिणामांमुळे औषध सोडणारे सात टक्के होते.

ही झाली परिचित औषधाची गोष्ट. नव्या रेणूच्या बाबतीत काय होईल, ते आधी सांगता येत नाही आणि वजनाच्या औषधांचा इतिहास सावध करणारा आहे. ‘रिमोनाबंट’ या औषधाला युरोपात २००६ मध्ये परवानगी मिळाली आणि २००८ मध्ये ते थांबवावे लागले. त्याच्या सुमारे १८,७०० रुग्णांवरील चाचणीत नैराश्यासारखे मानसिक त्रास वाढलेले दिसले. औषध गटात चार, तर प्लासिबो गटात एक आत्महत्या झाली आणि चाचणी मुदतीआधीच गुंडाळली गेली. ‘लॉरकासेरिन’ला अमेरिकेत २०१२ मध्ये परवानगी मिळाली होती. सुमारे १२,००० जणांच्या चाचणीत कर्करोगाचे प्रमाण औषध गटात ७.७ टक्के आणि प्लासिबो गटात ७.१ टक्के आढळल्यावर २०२० मध्ये ते मागे घेण्यात आले. एप्रिल २०२५ मध्ये फायझर कंपनीने ‘डॅन्युग्लिप्रॉन’ या गोळीचे काम थांबवले. एका सहभागीच्या यकृताला औषधामुळे इजा झाल्याची शक्यता दिसली होती. औषध बंद केल्यावर त्याची प्रकृती पूर्ववत झाली.

हे धोके लक्षात आले ते चाचण्यांतील सहभागींमुळे. त्यांनी रक्त तपासायला दिले, त्रास नोंदवला, ठरल्या दिवशी हजेरी लावली, म्हणून इतर लाखो लोक वाचले. सहभागी होणारा माणूस हे ओझे इतरांसाठी उचलत असतो. म्हणून ‘मोफत उपचार’ हा शब्दप्रयोग या व्यवहाराला अपुरा पडतो.

रोजच्या जगण्यात काय बदलते?

ठरावीक तारखांना रुग्णालयात जावे लागते आणि त्यातील काही वेळा उपाशीपोटी. रक्त, लघवी, ईसीजी, कंबरेचा घेर, काही चाचण्यांत शरीरातील चरबी मोजणारे स्कॅन, असा क्रम असतो. कामावरून रजा घ्यावी लागते. इंजेक्शन घरी घ्यायचे असेल तर ते फ्रिजमध्ये सांभाळायचे, तारीख-वेळ लिहून ठेवायची. सर्दीची गोळी असो, आयुर्वेदिक चूर्ण असो की जिममध्ये कोणी दिलेली पावडर, सर्व काही चाचणीच्या डॉक्टरांना सांगावे लागते. कडक उपवास असतील तर तेही सांगावे. मधुमेहाची काही औषधे चालू असताना रक्तातील साखर अचानक उतरण्याचा धोका असतो, तर उलट्या-जुलाब चालू असताना उपवास केल्यास शरीरातील पाणी कमी होते.

चाचणी संपल्यावर काय?

हा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत आणि तोच सर्वात महत्त्वाचा आहे. लठ्ठपणा हा रक्तदाबासारखा दीर्घकाळ चालणारा विकार आहे. औषध बंद झाले की भूक परत येते आणि तिच्यामागून वजनही. ‘स्टेप १’ संपल्यावर ३२७ जणांचा आणखी वर्षभर पाठपुरावा करण्यात आला. या काळात त्यांना ना औषध मिळाले, ना आहाराचे समुपदेशन. औषध गटातील लोकांचे ६८ आठवड्यांत १७.३ टक्के वजन घटले होते. वर्षभरात त्यातील दोनतृतीयांश परत आले आणि निव्वळ घट ५.६ टक्क्यांवर आली. रक्तदाब आणि इतर आकड्यांतील सुधारणाही बरीचशी पुसली गेली. ‘सरमाउंट ४’मध्येही तेच दिसले. ३६ आठवडे टिर्झेपटाइड घेऊन सुमारे २१ टक्के वजन घटवलेल्या ६७० जणांपैकी निम्म्यांना नकळत प्लासिबोवर नेण्यात आले. पुढील वर्षभरात त्यांचे वजन सरासरी १४ टक्क्यांनी वाढले. औषध चालू राहिलेल्यांचे आणखी साडेपाच टक्क्यांनी घटले.

चाचणीनंतर औषध मिळत राहील का? भारतात २०१९ च्या ‘नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमां’त अशी तरतूद आहे. चाचणी घेणाऱ्या डॉक्टरांनी शिफारस केली आणि एथिक्स कमिटीने, म्हणजे नैतिकता समितीने मान्यता दिली, तर कंपनीने सहभागीला औषध मोफत द्यावे. मात्र त्या आजारावर दुसरा उपचार उपलब्ध नसणे ही त्यातील अट आहे. वजन घटवण्यासाठी बाजारात औषधे आहेत, शस्त्रक्रियाही आहे. त्यामुळे लठ्ठपणाच्या चाचणीतील सहभागीला या तरतुदीचा आधार मिळणे अवघड आहे. शिवाय चाचणीनंतर घेतलेल्या अशा औषधाच्या परिणामांची जबाबदारी कंपनीवर राहत नाही, हेही लेखी मान्य करावे लागते. म्हणजे दीड वर्षाने इंजेक्शन थांबेल, वजन परत चढू लागेल आणि पुढचा खर्च स्वत:च्या खिशातून करावा लागेल, असे धरूनच निर्णय घेणे शहाणपणाचे.

कायद्याचे संरक्षण किती?

इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेनंतर देशातील औषध चाचण्यांचे नियम कडक झाले. आजच्या नियमांनुसार चाचणीला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागते. रुग्णालयाच्या नैतिकता समितीचीही मंजुरी लागते. या समितीत किमान सात सदस्य असतात आणि निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे असावे लागतात. चाचणीची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’, अर्थात ‘सीटीआरआय’ या सरकारी नोंदवहीत करणे २००९ पासून सक्तीचे आहे. ही नोंदवही कोणालाही विनामूल्य पाहता येते. औषधाचे नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकला की चाचणीचा टप्पा, पात्रतेचे निकष, प्रायोजक कंपनी आणि केंद्रांची यादी दिसते. नोंदणी क्रमांक सांगायला टाळाटाळ होत असेल, तर तेथूनच परत फिरावे.

चाचणीदरम्यान इजा झाल्यास उपचार मोफत द्यावे लागतात. इजेचा चाचणीशी संबंध नाही असे सिद्ध होईपर्यंत किंवा डॉक्टरांच्या मते गरज असेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर हे बंधन आहे. गंभीर घटना घडल्यास डॉक्टरांनी २४ तासांत औषध नियंत्रक, कंपनी आणि नैतिकता समितीला कळवायचे असते. चाचणीमुळे मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास भरपाई ठरलेल्या सूत्रानुसार मिळते. या सूत्रात आठ लाख रुपये हा पायाभूत आकडा आहे आणि वय व आधीच्या आजाराची जोखीम यानुसार रक्कम बदलते. औषध नियंत्रकांच्या आदेशानंतर ३० दिवसांत कंपनीने पैसे द्यावेत, असा नियम आहे. प्रमाणित उपचार उपलब्ध असूनही ते न देता प्लासिबोवर ठेवल्यामुळे झालेली इजाही भरपाईस पात्र धरली जाते.

सही करण्याआधी काय विचारावे?

संमतीपत्र सहभागीला समजणाऱ्या भाषेत, म्हणजे मराठी माणसाला मराठीतच मिळायला हवे. ते घरी नेऊन वाचण्याचा, घरच्यांशी आणि नेहमीच्या डॉक्टरांशी बोलण्याचा वेळ मागावा. वाचता न येणाऱ्या व्यक्तीसोबत चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार असावा लागतो. सही केलेल्या कागदाची प्रत जपून ठेवावी. त्याआधी पुढील प्रश्नांची उत्तरे घ्यावीत :

– चाचणी कोणत्या टप्प्यातील आहे आणि हे औषध आतापर्यंत किती जणांना दिले गेले आहे?
– प्लासिबो मिळण्याची शक्यता किती? चाचणी संपल्यावर प्लासिबो गटाला औषध मिळणार का?
– किती वेळा यावे लागेल? येण्या-जाण्याचा खर्च मिळेल का?
– रात्री-अपरात्री त्रास झाला तर फोन कोणाला करायचा? दाखल करावे लागल्यास कुठे करणार?
– कोणत्या परिस्थितीत डॉक्टर स्वत:हून औषध बंद करतील?
– शेवटच्या इंजेक्शननंतर किती काळ तपासणी होत राहील? वजन टिकवण्यासाठी पुढे कोणती मदत मिळेल?
– आपल्याला काय दिले होते आणि चाचणीचा निष्कर्ष काय निघाला, हे नंतर कळवणार का?

कोणत्याही क्षणी, कारण न सांगता चाचणीतून बाहेर पडण्याचा अधिकार सहभागीला आहे. त्यामुळे त्याच रुग्णालयातील त्याच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये. बाहेर पडताना मात्र न कळवता जाणे बंद करू नये. शेवटची तपासणी करून घेणे सहभागीच्याच हिताचे असते.

ज्यांना वजन लवकर कमी करायचे आहे आणि औषध नक्की मिळायला हवे आहे, त्यांच्यासाठी चाचणी हा योग्य मार्ग नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांकडून उपलब्ध उपचारांची माहिती घ्यावी. प्लासिबो मिळाला तरी चालेल, वेळ देता येईल, आणि औषध थांबल्यानंतरच्या वर्षाचा विचार केलेला आहे, अशा व्यक्तीने चाचणीत जरूर जावे. भारतीय शरीराला कोणते औषध मानवते, याचे उत्तर अशाच लोकांकडून मिळणार आहे.